आधी अँटेना, मग यशपाल

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या घरी टीव्ही आला तेव्हा त्यावर चित्रापेक्षा मुंग्याच अधिक दिसत. पावसाळ्यात ओल्या कौलांवर चढून अँटेना फिरवण्याचे काम माझ्याकडे असे आणि खालून बाबा ‘आलं, आलं... गेलं की रे!’ असे ओरडत असत. त्या मुंग्यांतूनच नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीस पांढऱ्या विस्कटलेल्या केसांचे एक गृहस्थ आमच्या घरात आले. ते भौतिकशास्त्रज्ञ प्रा. यशपाल होते. विज्ञानाच्या त्या कार्यक्रमाचे नाव ‘टर्निंग पॉइंट’. त्याचे सूत्रसंचालन गिरीश कर्नाड करीत, आणि बाबांना खरे कौतुक त्यांचेच होते, कारण कर्नाड धारवाडच्या कर्नाटक कॉलेजातून गणित आणि संख्याशास्त्राची पदवी घेतलेले, म्हणजे ‘आपल्याकडचे’. यशपालांकडे माझे लक्ष गेले ते त्यांच्या उत्तर देण्याच्या पद्धतीमुळे.

प्रेक्षकांनी पाठवलेल्या प्रश्नांना ते उत्तरे देत, पण ती पाठ केलेली वाटत नसत. प्रश्न ऐकून ते थोडे थांबत, हात हवेत फिरवीत आणि जणू त्याच क्षणी त्या गोष्टीचा विचार करीत आहेत अशा रीतीने बोलू लागत. कर्नाडांची वाणी घडवलेली, तर यशपालांचे बोलणे अडखळत पुढे जाणारे. परंतु माझ्या मते विज्ञान त्या अडखळण्यातच अधिक दिसत असे. कार्यक्रम मराठीत नव्हता आणि कन्नडातही नव्हता. शाळेत मराठी, बसच्या पाटीवर कन्नड आणि टीव्हीवर हिंदी अशा तीन भाषांत वाढणाऱ्या आम्हां सीमाभागातील मुलांना पारिभाषिक शब्दांची फार धास्ती असे. यशपाल त्या शब्दांवाचून बोलत, म्हणून मुंग्यांतूनही ते समजत.

ते टीव्हीवर दिसू लागले तेव्हा त्यांचे वय पासष्टीच्या आसपास होते, आणि त्याआधी त्यांनी काय काय केले होते हे मला कितीतरी वर्षांनी कळले. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी आज पाकिस्तानात असलेल्या झंग येथे त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांवर काम केले, अमेरिकेतील एमआयटीतून १९५८ मध्ये पीएचडी मिळवली आणि १९७३ मध्ये अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे ते पहिले संचालक झाले. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर ‘साइट’ या प्रयोगाखाली अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शिक्षण, शेती आणि आरोग्याचे कार्यक्रम थेट पोचवले गेले, त्यामागे हेच केंद्र होते. खेड्यात बसवलेली अँटेना म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी थाळी! कर्नाटकातील ज्या जिल्ह्यांत हे संच बसले त्यांत आमच्या शेजारचा विजापूरही होता. टीव्हीवर येण्याच्या पंधरा वर्षे आधी या माणसाने टीव्हीच खेड्यात नेला होता. त्यामुळे त्यांच्या निवेदनाला निवृत्तीनंतरचा छंद म्हणणे मला पटत नाही.

१९८६ ते १९९१ या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. पुण्याची ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था त्याच काळात, १९८८ मध्ये, कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांच्या हाती उभी राहिली. पुढे यशपालांना पुरस्कार पुष्कळ मिळाले, २०१३ चे पद्मविभूषणही. त्या पुरस्कारांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. मला त्यांचा १९९३ चा शालेय शिक्षणावरील अहवाल अधिक महत्त्वाचा वाटतो. दप्तराच्या वजनापेक्षा न समजल्याचे ओझे मुलांना अधिक जाचते, हे त्यांच्या समितीने त्यात स्पष्टपणे मांडले.

हे ओझे मी पाहिलेले आहे. आमच्या माजघरात कौलांच्या फटींतून उन्हाचे कवडसे पडत. फुटक्या कौलाची फट वेडीवाकडी, कुठे तीनकोनी, पण जमिनीवर पडणारा कवडसा मात्र गोल. असे का, हे मी शाळेत विचारले, तेव्हा ‘हे पोर्शनमध्ये नाही, खाली बस’ असे उत्तर मिळाले. सर वाईट नव्हते. बहुधा त्यांनाही ते कधी कोणी सांगितले नसावे.

उत्तर मिळाले ते २४ ऑक्टोबर १९९५ रोजी. दिवाळीतील अमावास्या, त्यात सूर्यग्रहण. राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या पट्ट्यात ते खग्रास होते आणि आमच्याकडे खंडग्रास. आजीने पाण्याच्या घागरींवर आणि फराळाच्या डब्यांवर तुळशीची पाने ठेवली होती, दारे लावून घेतली होती, आणि ‘बाहेर जायचं नाही, ग्रहाण लागलंय’ असे दोनदा बजावले होते. दूरदर्शनवर थेट प्रक्षेपण चालू होते आणि समालोचनाला यशपाल होते. साडेआठच्या सुमारास पडद्यावर सूर्य झाकला गेला, तेव्हा तो वृद्ध शास्त्रज्ञ लहान मुलासारखा हरखून गेला. १९८० च्या फेब्रुवारीतील खग्रास ग्रहणाचा पट्टा हुबळीवरून गेला होता, पण त्या दिवशी आपण घरात कोंडून घेतले होते, असे बाबा तेव्हा हळूच म्हणाले.

मी पाणी प्यायला माजघरात गेलो आणि थबकलो. सकाळच्या तिरप्या उन्हाने किंचित लांबट झालेले सगळे कवडसे कोरीसारखे झाले होते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर वीस-पंचवीस चंद्रकोरी पसरल्या होत्या. म्हणजे कवडसा हा फटीचा आकार नव्हताच. प्रत्येक बारीक फट सूर्याचे चित्र जमिनीवर काढीत होती, आणि सूर्य गोल असतो म्हणून एरवी ते गोल दिसत होते. मी ओरडून आजीला बोलावले. दार उघडल्याशिवायच ग्रहण घरात आल्याचे तिने पाहिले, काहीच बोलली नाही, आणि चुलीकडे जाताना त्या कोरींवर पाय पडू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेने गेली.