आमची वाटचाल : तिथी बघून जाणारे मेल

सदाशिव पेठेतल्या एका खोलीत वहिनी आणि मी २०१६ साली दुकानदारांचे जाहिरातीचे ईमेल पाठवणारी फर्म सुरू केली, तेव्हा दुकानदारांच्या लेखी ईमेल म्हणजे बिलं पाठवायची सोय. आज साडीवाले, फराळवाले, चांदीवाले आणि देवगडचे एक आंबा बागायतदार यांचे मेल आमच्याकडून जातात. मधली बरी गेलेली वर्षं सांगत बसत नाही. २०२२-२३ मात्र सांगितलंच पाहिजे.

शहरातल्या एका मोठ्या एजन्सीने आमच्या निम्म्या दरात ‘वर्षभराचं तयार कॅलेंडर’ विकायला काढलं. सगळे मेल आधीच रचलेले, तारखा पक्क्या, वर विकत आणलेल्या पत्त्यांची यादी फुकट. आमचे ग्राहक एकामागून एक तिकडे गेले. ज्यांची यादी आम्ही काउंटरवरच्या वहीतून, प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारून उभी केली होती, तेसुद्धा गेले. पगार थकले. वहिनींनी स्वतःची ठेव मोडली. याबद्दल त्या एजन्सीवर माझा राग आहे आणि तो गेलेला नाही.

राहिले ते चांदीवाले आणि आंब्याच्या बागेचे देवगडचे काका. काकांनाही ते कॅलेंडर दाखवलं गेलं होतं. काका म्हणाले, “झाडाक तारीख कळता काय?” आणि फोन ठेवून दिला.

काकांचं काम कसं चालतं ते सांगतो, कारण आमचा सगळा धंदा त्यात आहे. हापूस संपला की यादी फेब्रुवारीपर्यंत झोपवायची आणि मग एकदम सगळ्यांना मेल मारायचा, असं बहुतेक जण करतात. इतके महिने गप्प असलेल्या पत्त्यावरून अचानक ढीगभर मेल आले की जीमेल संशय घेतं. म्हणून पावसाळ्यातही काकांचा छोटा मेल जातो, आमसुलांचा, फणसपोळीचा. थंडीत त्यांच्या फोनवरचा मोहोराचा फोटो जातो. फोटो धूसर असला तरी तोच जातो. मळभ आलं, तुडतुडे पडले, तर तेही लिहितो. मोहोर उशिरा आला तर ‘पाडव्याला पेटी मिळणार नाही’ असं विषयाच्या ओळीतच टाकतो. त्या मेलला लोक उत्तरं लिहितात, आणि माझ्या मते उत्तर हीच खरी मोजणी. २०२१मध्ये अ‍ॅपलने मेल आपोआप उघडलेले दाखवायला सुरुवात केल्यापासून ओपन रेट, म्हणजे किती जणांनी मेल उघडला तो आकडा, बघण्यात अर्थ उरलेला नाही.

अक्षय्य तृतीया २०२३ला २२ एप्रिलला होती, २०२४ला १० मेला. काढणीनंतर फळ आढीत पिकायला आठ-दहा दिवस जातात, शिवाय पार्सलचा प्रवास. बुकिंगचा मेल तृतीयेवरून उलटा मोजत यावा लागतो. आमच्या एक्सेलमध्ये म्हणूनच तारखेच्या आधी तिथीचा रकाना आहे. तो वहिनी पंचांग समोर ठेवून भरतात.

मग आला २०२३चा श्रावण. त्या वर्षी १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण होता. तयार कॅलेंडरने त्या धोंड्याच्या महिन्यात मंगळागौरीच्या साड्यांचा मेल सोडला. आम्हाला सोडून गेलेल्या साडीवाल्या ताईंना गिऱ्हाइकांची उत्तरं आली : “अहो, मंगळागौर निज श्रावणात!” त्याच आठवड्यात आमच्या चांदीवाल्यांचा मेल जावयाच्या वाणाचा होता, ताट-वाटी आणि सोबत ३३ अनारशांचा डबा. माल संपला.

ताई परत आल्या. त्यांच्यामागून बाकीचेही आले. फेब्रुवारी २०२४पासून गूगलने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम, डीमार्क (मेल खरंच त्याच पाठवणाऱ्याचा आहे हे पटवणाऱ्या तपासण्या) सक्तीचं केलं, स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवायला सांगितलं. विकतच्या याद्यांना हे झेपणारं नव्हतं. आम्हाला मात्र यादीतलं एक नावही काढावं लागलं नाही. आणि आता तीच एजन्सी ‘तिथीनुसार मेल’ ही आपली कल्पना म्हणून विकते. पहिला तिथीचा रकाना आमच्या वहिनींनी भरला, हे इथे लिहून ठेवतो.

नव्याने धंद्यात येणाऱ्यांना सांगतो : यादी विकत घेऊ नका. मेलचं एचटीएमएल, म्हणजे मेलची मांडणी ठरवणारा कोड, १०२ केबीच्या आत ठेवा, नाहीतर जीमेल खालचा भाग कापतं आणि ऑर्डरचं बटण नेमकं तिथेच असतं. परदेशातल्या गिऱ्हाइकांची यादी वेगळी करा. न्यू जर्सीला फराळ पाठवायचा तर दिवाळीचा मेल इथे गणपती उठायच्या आधी जायला हवा.

२०२६मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, आणि त्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला. लग्नाच्या साड्यांचे मेल त्या महिन्यात बंद. काकांच्या शेवटच्या पेट्या मात्र नेमक्या धोंड्यात येतात, म्हणून जावयाच्या वाणात हापूसची पेटी असा मेल वहिनींनी लिहून ठेवला आहे. विषयाची ओळ काकांनी सुचवली.