मॅडमनी पेन खाली ठेवलं तेव्हा

आमच्या शाळेत पोषण आहाराच्या रजिस्टरवर हजेरी वाढवून लिहायची सवयच पडली होती. वर्गात पोरं एकवीस, लिहायची तीस. मी पण लिहायचे, खोटं कशाला बोलू. हेडसर समोर उभे राहायचे, "अहो मॅडम, सगळेच लिहितात, करा सही पटकन", आणि हात चालायचा. घरी आल्यावर घास उतरायचा नाही, पण दुसऱ्या दिवशी परत सही.

मग एक दिवस आमच्यातल्या सगळ्यात सीनियर मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "सर, माझ्या वर्गाची खरी हजेरी लिहिणार मी." आवाज पण चढवला नाही. मिनिटभरात मी म्हटलं, माझी पण. मग अजून दोघी. चार वर्षं जे जमलं नव्हतं ते असं जमलं, आणि मी तर तीच होते, माझ्यात काही रातोरात धाडस आलं नव्हतं.

म्हणून मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रमचा, माणूस हुकूम कुठपर्यंत पाळतो ते बघणारा प्रयोग परत नीट वाचला. 1961 साली अमेरिकेत येल विद्यापीठात सुरू झालेला, दुसऱ्या खोलीतल्या माणसाने उत्तर चुकवलं की कोटवाल्या साहेबाच्या हुकुमावरून त्याला शॉक द्यायचा, 15 व्होल्टपासून 450 पर्यंत, शॉक खोटे पण देणाऱ्याला ते माहीत नाही. 40 पैकी 26 जण शेवटपर्यंत गेले, हे सगळ्यांना पाठ असतं, आणि माणूस असाच असतो म्हणून आपण पुस्तक मिटतो. पण मिलग्रमने तोच प्रयोग कितीतरी वेगवेगळ्या पद्धतीने केला, आणि खरी गोष्ट तिथे आहे! शॉक खाणारा माणूस त्याच खोलीत समोर बसवला तर आज्ञा पाळणारे कमी झाले, त्याचा हात स्वतः धरून प्लेटवर दाबायला लावला तर अजून कमी. हुकूम देणारा खोलीतून जाऊन फोनवरून सांगायला लागला तर पाचात जेमतेम एक जण शेवटपर्यंत गेला, आणि काही जण तर फोनवर "हो हो, वाढवतोय" म्हणत गुपचूप सगळ्यात कमीचंच बटण दाबत राहिले. हे वाचून मला रडू आलं, कारण ती माणसं वाईट नव्हतीच, समोर उभ्या माणसाच्या तोंडावर नाही म्हणता येत नव्हतं एवढंच. दोन साहेब बसवले आणि ते आपसातच भांडायला लागले तर शेवटपर्यंत कोणीच गेलं नाही.

आणि आमच्या मॅडमसारखा प्रकार पण त्यात आहे. शेजारी दोन साथीदार बसवले, ते आतून मिलग्रमचेच, एक जण 150 व्होल्टला उठला, दुसरा 210 ला. मग 40 पैकी 36 जणांनी मधेच थांबवलं. माणसं तशीच, पगार तोच, कोटवाला साहेब तोच, फक्त शेजारच्या खुर्चीतून कोणीतरी उठलं.

पेशावरला 23 एप्रिल 1930 ला, नि:शस्त्र पठाणांवर गोळी चालवायचा हुकूम आला तेव्हा गढवाल रायफल्सच्या चंद्रसिंह गढवालींनी गोळीबार थांबवा असं सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, आणि त्यांच्या जवानांनी बंदुका खाली केल्या. त्याची शिक्षा त्यांनी वर्षानुवर्षं तुरुंगात भोगली, आमचं रजिस्टर त्यापुढे काहीच नाही. पण मनात सगळ्यांच्या असलेलं एकाने मोठ्याने बोलणं, ते तिथेही होतं असं मला वाटतं.

त्या मॅडम आता रिटायर झाल्या. आम्ही तिघी मीटिंगच्या आधी दहा मिनिटं चहाला भेटतो, कुठला कागद पुढे आला तर कोण आधी बोलणार आणि कोणी लगेच "माझं पण तेच" म्हणायचं, ते ठरवून आत जातो. मागच्या शनिवारी आधी बोलायची पाळी माझी होती. पाय लटपटत होते, पण डावीकडून लगेच आवाज आला.