यकृताचं ऑपरेशन, दुर्बिणीतून

आज आत्याला भेटून आले. आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरला होता, ती गाठ दुर्बिणीतून काढली. पोटावर चार-पाच बारीक छेद आणि गाठ बाहेर काढायला खाली एक छोटी आडवी चीर, बस्स. स्वतः उठून बाथरूमला गेली. म्हणाली, "सिझेरियनपेक्षा हे सोपं गेलं गं."

यकृत म्हणजे रक्ताने भरलेला अवयव, त्यामुळे घरी सगळेच धास्तावलो होतो. सर्जननी नीट समजावलं: पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्या दाबाने बारीक शिरांमधून रक्त कमी झिरपतं आणि कॅमेऱ्यात सगळं मोठं दिसतं. ऑस्लोमध्ये अशाच 280 रुग्णांवर अभ्यास झालाय. पोट उघडून केलेल्यांत 31 टक्के, दुर्बिणीने केलेल्यांत 19 टक्के जणांना गुंतागुंत झाली. पुढच्या आयुर्मानात मात्र ठळक फरक नाही! माझा जीव तिथेच भांड्यात पडला.

गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली असेल तर उघडूनच करणं बरं, आणि मध्येच रक्तस्राव आवरला नाही तर पोट उघडावं लागतं. हे आधी स्पष्ट सांगणारा, यकृताचीच ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन शोधा. आत्याची केमो आता ठरल्या वेळी सुरू होईल.