थंडीत गाडीच्या रंगाचे डबे कसे ठेवावेत

थंडीत रंग खराब होतो, हे अर्धंच खरं आहे. काही डबे कडाक्याच्या थंडीतही टिकतात, तर काही एका रात्रीत कामातून जातात. म्हणून फळीवरचे डबे आधी वेगळे करा.

सगळ्यात नाजूक वॉटरबेस बेसकोट, म्हणजे गाडीला रंगछटा देणारा, पाण्यात बनवलेला रंग. त्यात रेझिनचे, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या पदार्थाचे, बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी गोठलं की बर्फाचे स्फटिक हे कण एकमेकांवर दाबतात आणि ते चिकटून बसतात. बर्फ वितळला तरी पुन्हा सुटे होत नाहीत. डबा उघडल्यावर फाटलेल्या दुधासारखी कणी दिसली, तर कितीही ढवळा, तो रंग गेला. कंपन्या साधारणपणे 5 ते 35 अंश सेल्सिअस ही मर्यादा देतात. जागा मोजकीच उबदार असेल, तर तिथे पहिला मान वॉटरबेसचा.

सॉल्व्हंटबेस रंग (पाण्याऐवजी रासायनिक द्रावकात बनवलेला), क्लियरकोट (वरचा पारदर्शक थर) आणि थिनर नेहमीच्या थंडीत गोठत नाहीत, फक्त रंग घट्ट होतो. पत्र्यातले खड्डे भरायच्या पुट्टीचंही तसंच, मात्र ती थंडीत हळू सेट होते म्हणून हार्डनर, म्हणजे तिला कडक करणारं द्रव्य, वाढवू नका. वजनाच्या 2 ते 3 टक्के पुरतो. त्यातलं जादा पेरॉक्साइड पुढे रंगातून डाग बनून वर येतं.

टू-के, म्हणजे रंग आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून करायच्या कामाच्या हार्डनरला मात्र थंडीपेक्षा ओल जास्त मारते. त्यातलं आयसोसायनेट हे रसायन पाण्याशी संयोग पावतं आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. डबा फुगतो, आतला द्रव गढूळ होतो, हळूहळू जेलीसारखा बसतो. ही ओल बहुतेक वेळा आपणच आत सोडतो. गार डबा उबदार खोलीत आणून लगेच उघडला, की हवेतली वाफ थंड पत्र्यावर आणि द्रवावर दव होऊन बसते. म्हणून डबा आत आणा आणि झाकण न काढता ठेवा. लहान डब्याला एक दिवस द्या, 20 लिटरच्या ड्रमला दोन-तीन. बाहेरचं दव फडक्याने पुसा, मगच उघडा. काम झालं की तोंडाचे आटे पुसून झाकण लगेच घट्ट लावा. अर्ध्याहून कमी उरलेला हार्डनर फार काळ सांभाळण्यात अर्थ नाही, डब्यातल्या हवेतच पुरेशी ओल असते.

डबे सिमेंटच्या फरशीवर ठेवू नका, बाहेरच्या भिंतीलाही टेकवू नका. खाली लाकडी फळी हवी. कमाल-किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर सर्वांत खालच्या फळीवर ठेवा, कारण गारठा तिथेच साचतो. उबेसाठी डब्यांजवळ हीटर, बल्ब किंवा ज्योत नको, बंद कपाटात तर नकोच. सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेट घेते. गोठलेला डबा चुलीवर वा हीटगनने वितळवणंही तितकंच घातक. स्प्रेच्या कॅनमधला दाब थंडीत उतरतो. तो कोमट पाण्यात उभा करून वाढवावा, पाणी 50 अंशांच्या खूप खाली ठेवून.

मिसळलेला टू-के रंग मात्र उद्यासाठी ठेवताच येत नाही. थंडीत सेट व्हायला वेळ लागतो, पण सेट होतोच, आणि घट्ट झाकलेल्या डब्यात ओल असली तर दाबही तयार होतो.

आता वापराच्या दिवशीची चूक. 10 अंशांवरचा रंग स्प्रे गनमधून नीट फुटत नाही, दाणेदार बसतो, संत्र्याच्या सालीसारखा. मग माणूस थिनर ओततो. तोच रंग पॅनलवर, म्हणजे गाडीच्या पत्र्यावर, उबेत आला की पातळ पडतो, ओघळतो आणि झाकण्याची ताकदही घटते. थिनर वाढवण्याआधी रंग 20 ते 25 अंशांवर आणा आणि व्हिस्कॉसिटी कपने, म्हणजे तळाला भोक असलेल्या कपाने, रंग वाहून जायला लागणारे सेकंद मोजा. पॅनलही तितकंच उबदार हवं, नुसती हवा नव्हे.

मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमचे पापुद्रे तळाशी बसतात. चपट्या पट्टीने तळ खरवडून ढवळा. पट्टीवर लगदा राहिला तर अजून काम बाकी आहे. वॉटरबेसबद्दल शंका असेल तर 125 मायक्रॉनच्या गाळणीतून थोडा गाळा आणि चाचणी कार्डावर मारून वाळू द्या. गाळणीत कण अडकले किंवा कार्डावर खडबडीत डाग आले, तर तो डबा पॅनलजवळ आणू नका.