तुम्ही विचारलंत म्हणून: मोठे टायर टाकले, आता रेशो कुठला?

"काका, जीपला 31चे टायर टाकलेत. दिसायला एक नंबर. पण गाडी ओढत नाही हो. 4.88 टाकू की 5.38?"

हा फोन मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. आवाज वेगळा, गाव वेगळं, प्रश्न तोच. हे आकडे म्हणजे रेशो: चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद अ‍ॅक्सलपर्यंत नेणारा दांडा, किती वेळा फिरतो तो आकडा. मी उलट विचारतो, गाडी मरते कुठे? यावर बहुतेक जण गप्प होतात. टायर तोंडपाठ असतो, रिम पाठ असते, पण नेमक्या कुठल्या वळणावर, कुठल्या गिअरमध्ये, किती वेगाला गाडीचा जीव जातो हे कोणी सांगत नाही. रेशो ठरतो तो तिथे.

माझ्याकडे जुनी सीजे-3बी जीप आहे. गिअरबॉक्स मूळचा, तीन गिअरचा. इंजिन मात्र मागाहून बसवलेलं डिझेल. आधीच्या मालकाने अ‍ॅव्हरेजच्या नादात पुढच्या-मागच्या दोन्ही गोळ्यांत (अ‍ॅक्सलच्या मधल्या डिफरन्शियलमध्ये) 4.27चे क्राऊन-पिनियन, म्हणजे मोठं आणि लहान दातेरी चाक, टाकले होते. मूळच्या 5.38ला पिनियनचे दात 8 आणि क्राऊनचे 43. म्हणजे प्रोपेलर शाफ्ट साडेपाचच्या आसपास फिरला की चाक एकदा फिरतं. 4.27ला 11 आणि 47. तेवढ्याच एका फेरीसाठी शाफ्टला सव्वाचार फेऱ्या पुरतात. गाडी पळते जास्त, ओढते कमी. लोक याला कधी हाय रेशो म्हणतात, कधी लो, आणि दोघं एकमेकांच्या विरुद्ध अर्थाने बोलत असतात. म्हणून मी फक्त आकडा बोलतो.

तुमच्या गोळ्यात काय आहे हे विकणाऱ्याच्या शब्दावर ठेवू नका. मागचं एकच चाक जॅकवर घ्या, गिअर न्यूट्रल, शाफ्टवर खडूची खूण. उचललेलं चाक पूर्ण दोन फेऱ्या फिरवा आणि शाफ्ट किती वेळा फिरला ते मोजा. दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असतं, त्यामुळे क्राऊनला निम्मीच गती मिळते; म्हणून दोन फेऱ्या. सव्वाचार आले तर 4.27, पाचला थोडं कमी आलं तर 4.88. फक्त एक लक्षात ठेवा. या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांना नसतो, ट्रान्स्फरच्या (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) मागे शाफ्टवर असतो. मोजायला तो सोडावाच लागतो, म्हणजे गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावल्याशिवाय खाली वाकू नका.

खडू हातात आहेच तर टायरही मोजून घ्या. टायरवर लिहिलेला आकडा आणि गाडीच्या वजनाखाली दबलेला टायर यांत फरक असतो. टायरला खूण करायची, खाली जमिनीवर खूण करायची, गाडी ढकलून चाक एक फेरी पुढे न्यायचं आणि टेप लावायचा. माझे जुने 6.00-16 एका फेरीत 2 मीटर 20 सेंटिमीटर जात होते. नवे "31" भरले 2 मीटर 40. म्हणजे व्यास साधारण 30 इंच. वाढ 9 टक्के. 4.27ला 9 टक्क्यांनी वाढवलं की 4.66 येतात. हा आकडा बाजारात मिळत नाही, मी धरला त्याच्या वरचा 4.88. फोन करणाऱ्याला इथपर्यंतचं गणित यूट्यूबवरून येतच असतं.

पण माझी गाडी मरायची कुंभार्ली घाटात. चिपळूणहून पोफळी सोडली की चढ लागतो, आणि आखडत्या वळणांवर वेग 25वर येतो. या गिअरबॉक्सचा पहिला गिअर सिंक्रोचा नाही, म्हणजे दात गुंतण्याआधी त्यांचा वेग जुळवून घेणारी सोय त्यात नाही. चालत्या गाडीत टाकायला गेलात तर करकरतो, मागच्या ट्रकवाल्याला ऐकू जाईल इतका. म्हणजे त्या वळणावर दुसऱ्यावरच निघायचं. दुसऱ्या गिअरचा रेशो 1.55. जुन्या टायरवर 25च्या वेगाला इंजिन मिनिटाला 1250 फेरे फिरायचं. कुरकुरत का होईना, निघायचं. मोठ्या टायरवर तेच 1150. शंभराचाच फरक, पण त्या शंभरात गाडी थरथरून बंद पडते. 4.88वर 1310 होतात आणि 5.38वर 1450.

आता दुसरं टोक. आमचा बाकीचा प्रवास महामार्गावर 80ने. तिसऱ्या गिअरवर जुन्या टायरला 2590 आरपीएम, मोठ्या टायरला 2370, 4.88वर 2710, 5.38वर जवळपास 3000. त्या डिझेलच्या शेजारी बसून तीन हजारावर चार तास काढून बघा. बायको गुहागरहून परतताना एस.टी.ने आली होती, ते याच कारणाने नसेलही. पण मी 4.88 घेतलं.

"पण काका, ऑफरोडला 5.38च लागेल ना?" हा पुढचा प्रश्न. इथे माझं मत जरा बाजूला जातं. दगडधोंड्यात तुम्ही लो रेंजमध्ये, म्हणजे ट्रान्स्फरच्या हळू पण जास्त ओढणाऱ्या गिअरमध्ये असता. माझा पहिला गिअर 2.8, ट्रान्स्फरचा लो 2.46. 4.27शी गुणलं की 29च्या वर. इंजिन 800वर टिकटिकतंय, तर मोठ्या टायरवर गाडी ताशी 3.9 किलोमीटर जाते. 4.88वर 3.4. 5.38वर 3.1. हे सगळे माणसाच्या चालण्याचे वेग आहेत. दगडात हा फरक कळतो, नाही असं नाही, पण त्यासाठी कोणी दोन्ही गोळे खोलू नयेत. मोठ्या टायरचा खरा त्रास हाय रेंजमध्ये होतो, डांबरी चढावर, जिथे लो रेंज लावताच येत नाही. रेशो बदलायचा तो त्या रस्त्यासाठी.

अमेरिकेतल्या भाच्याला हे पटत नाही. त्याच्याकडे नवी जीप रुबिकॉन आहे, आठ गिअरची ऑटोमॅटिक. तिथे दोन गिअरमधली दरी इतकी कमी असते की गाडी स्वतःच एक गिअर खाली येऊन मोकळी होते. तरीही ज्या एक्स्ट्रीम रेकॉन पॅकेजमध्ये 35 इंची टायर कंपनीनेच दिले, त्यात 4.10 काढून 4.56 टाकले आहेत. माझ्या तीन गिअरमध्ये तर लपायला जागाच नाही.

दोन्ही गोळे एकदम करा. हे मी शहाणा म्हणून सांगत नाही. मिस्त्री म्हणाला, आधी मागचा करू, पुढचा दिवाळीनंतर. पुढचा गोळा लहान, त्याचे क्राऊन-पिनियन वेगळे, खर्च वेगळा. मी हो म्हटलं. तोवर फोर बाय फोर लावायचं नाही, एवढंच ठरलं. पावसाळ्यात एका शेताच्या बांधाशी रुतलो आणि हात आपसूक लिव्हरवर गेला. चिखलात गाडी सरकत-घसरत निघाली, कारण तिथे चाकांना घसरायला मुभा होती. डांबरीवर आलो आणि पंचवीस-तीस फुटांत गाडी जखडली. पुढची चाकं मागच्यांपेक्षा 14 टक्के जास्त फिरू बघत होती, मधे ट्रान्स्फर पिळला गेला होता. लिव्हर दोन्ही हातांनी निघेना. शेवटी पुढचं एक चाक जॅकवर घेतलं. जमिनीपासून सुटता क्षणी ते आपोआप पुढे फिरलं, धाडकन. माझा हात चार बोटं लांब होता.

बसवण्याचं काम डोळ्यांदेखत करून घ्या. पिनियनखाली शिम (पातळ चकत्या) किती, क्राऊनचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) किती, हे डायल लावून बघणारा मिस्त्री शोधा. "हाताला कळतं" म्हणणाऱ्याला नमस्कार करून या. माझ्याकडे बॅकलॅश सात थाऊ, म्हणजे इंचाचे सात हजारांश, ठेवला. दातांना निळा रंग लावून फिरवलं की घासल्याची खूण दाताच्या मधोमध यायला हवी. टोकाला किंवा मुळाशी आली तर परत खोलायचं, कितीही रात्र झाली तरी. पहिले 800 किलोमीटर भार न घालता, मधे मधे गोळा थंड होऊ देत चालवा, मग 90चं तेल बदला. माझ्या पहिल्या तेलात चांदीसारखी चमक होती. ती चालते, कपच्या चालत नाहीत.

रेशोने ब्रेक सुधारत नाही, हे मात्र सांगतो. जुने ड्रम त्याच टायरला थांबवतात, आणि टायर आता जड झालाय. मोटार वाहन कायद्याचं कलम 52ही आहे: आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. टायर घेण्याआधी हे बघा, घेतल्यावर मला फोन करू नका. स्पीडोमीटरची केबल ट्रान्स्फरमधून निघते, त्यामुळे टायर बदलल्यावर माझा काटा 60 दाखवायचा तेव्हा गाडी 65ने असायची. 4.88नंतर तो उलटा पाचेक टक्के जास्त दाखवतो. तसाच ठेवलाय.

भंगारातून आणलेला 5.38चा मागचा जोड जिन्याखाली गोणपाटात आहे. दात चांगले आहेत. पाटणचा एक जण मागतोय, 33चे टायर टाकणार म्हणतो. गाडी कुठे मरते ते अजून त्याने सांगितलेलं नाही.