नावापुढच्या फुल्या

मे महिना, दुपारचे साडेतीन, पारा ४३ वर आणि लाइट गेलेली. सोलापुरात अशा वेळी घरातल्या भिंतीसुद्धा तापून अंगावर येतात. त्यामुळं आम्ही पाच जण नेहमीप्रमाणं टेलरच्या दुकानाच्या पायरीवर, कडुलिंबाखाली. विषय पाण्याचा. नळाला पाणी उद्या येणार की परवा, यावर अण्णा बोलत होते. अण्णा बँकेतून रिटायर झालेत आणि काउंटरमागं पस्तीस वर्षं गिळलेलं सगळं आता आम्हाला ऐकवतात. माझ्या हातात औषधाचं बिल होतं, खिशात पेन होतं. थोड्या वेळानं बघतो तर बिलाच्या पाठीवर रेघा. चार उभ्या, पाचवी आडवी. पुन्हा चार उभ्या, पाचवी आडवी.

"कसला हिशोब मांडलाय बे?" अण्णांनी विचारलं.

"दुधाचा," मी म्हणालो आणि अण्णांच्या नावापुढं आणखी एक रेघ ओढली.

कोण किती वेळा बोलतं, ते मी मोजत होतो. ही जुनी खोड आहे. लग्नाच्या बैठकीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, एकदा तर दहाव्याला घाटावरसुद्धा मी मनातल्या मनात मोजलंय. ठरवून नाही करत. कुणी जिन्याच्या पायऱ्या मोजतं, कुणी मालगाडीचे डबे मोजतं, तसंच हे.

पण मोजायचं म्हटलं की नियम लागतात. एकदा बोलणं म्हणजे किती? अण्णा एका दमात पाणी, जावई आणि गुडघा असे तीन विषय उरकतात, ती एकच रेघ. मधे चहाचा घोट घेऊन पुन्हा सुरू केलं, तर दुसरी. "हं" ला अर्धी रेघ. नुसत्या हसण्याला काही नाही. "काय बे" एवढंच म्हटलं तर? हा खास आमच्या गावचा पेच. सोलापुरातल्या बोलण्यातून "बे" वेचून काढला तर निम्मी रेघ पुसावी लागेल. रस्त्यानं जाणारा ओळखीचा दिसला की टॉवेलवाला मान न हलवता "काय बे" म्हणतो, समोरचा सायकल न थांबवता "काय बे" म्हणतो, आणि दोघांची सगळी विचारपूस तेवढ्यात होते. त्याला मी पूर्ण रेघ देतो.

तर त्या दिवशीचा निकाल असा : पाऊण तासात अण्णा ४१, टॉवेलवाला २३, मेडिकलवाला १८ (त्यातले पाच फोनवर, ते मी मागाहून वजा केले), आणि भोंगा शून्य.

भोंग्याचं नाव भोंगा का, हे नव्या माणसाला सांगावं लागतं. त्याचे वडील मिलमध्ये होते. गावातली पहिली मिल १८७७ ची, आणि आमच्या लहानपणापर्यंत अख्ख्या सोलापूरची घड्याळं मिलच्या भोंग्यावर लागायची. भोंगा दिवसभरात मोजून काही वेळा वाजायचा, पण वाजला की बायका चुलीवरून तवा उतरवायच्या. आमचा हा मित्रही तसाच. दिवसातून एखाद्या वेळी वाजतो. मिल बंद पडून जमाना झाला, भोंग्याचं नाव तेवढं याच्या अंगावर राहिलं.

असे कमी बोलणारे मोठेच लोक असतात, असं अण्णा म्हणतात. (हे सांगायला ते दहा मिनिटं घेतात.) डिरॅक नावाचा शास्त्रज्ञ होता, १९३३ च्या नोबेलचा मानकरी. तो इतका घुमा की केंब्रिजमधल्या त्याच्या सहकाऱ्यांनी थट्टेनं एक मापच काढलं : तासाला एक शब्द म्हणजे एक डिरॅक. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं. माझ्यासारखी माणसं तिकडंही आहेत तर. या मापानं अण्णा किती डिरॅक होतील, हे काढायला बसलो होतो, पण मोबाइलच्या कॅल्क्युलेटरची बॅटरीच संपली.

मेहेरबाबांचं माझ्या वहीत काय करायचं, हे मात्र मला सुटलेलं नाही. नगरजवळच्या अरणगावला १० जुलै १९२५ ला त्यांनी मौन धरलं, ते १९६९ साली देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. पण गप्प कुठं होते? आधी अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून आणि १९५४ नंतर नुसत्या खुणांनी ते लोकांशी बोलतच होते. बोटाला रेघ द्यायची का? आणि गांधीजींचा सोमवार? २ जून १९४७ ला फाळणीची योजना घेऊन माउंटबॅटन समोर बसलेले, आणि नेमका तो सोमवार, मौनाचा वार. गांधीजींनी जुन्या पाकिटांच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून उत्तर दिलं. देशाचे तुकडे पडायची वेळ आली तरी या माणसानं वार मोडला नाही, की त्या दिवशी बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं, कोण जाणे. मला आपलं एवढंच दिसतं की औषधाच्या बिलाच्या पाठीवर लिहिणारा मी एकटा नाही.

या खोडीचं मूळ शोधायला फार लांब जावं लागत नाही. पाचवीत मी वर्गाचा मॉनिटर होतो. अक्षर बरं होतं, एवढीच लायकी. गुरुजी चहाला किंवा ऑफिसात गेले की खडू माझ्या हातात. फळ्याचा उजवा कोपरा आखून त्यावर "बडबड करणारे" असं लिहायचं आणि खाली नावं. एकदा नाव आलं आणि तो पुन्हा बोलला की नावापुढं फुली. एका फुलीला एक छडी. हा हिशोब ज्यानं शोधून काढला त्याला शाळा कळली होती. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत जा, कोपरा उजवाच.

खडूचा तो तुकडा म्हणजे माझी पहिली आणि शेवटची सत्ता. नाव पुसायला चिंचेचा गोळा, दोन फुल्या पुसायला शेंगाची अर्धी पोळी. काहींना तर फळ्यावर नाव आलेलं आवडायचं. ते माझ्याकडं बघत मुद्दाम बोलायचे आणि फुल्यांची रांग वाढली की शेजाऱ्याला कोपर मारायचे. शांततेसाठी केलेल्या त्या यादीनं वर्गात जेवढा गोंधळ झाला, तेवढा यादीशिवाय झाला नसता.

फळ्यावर कधीच नाव न आलेला एक मुलगा होता. खिडकीजवळ बसायचा. चौथीपर्यंत तेलुगू शाळेत शिकून तो आमच्या मराठी शाळेत आला होता. वर्षभरात एक फुली नाही. गुरुजी त्याच्याकडं बोट दाखवून म्हणायचे, "बघा, याला म्हणतात शहाणा." आम्हालाही तो जन्मतः तसाच वाटायचा, साधूबिधू होणार असा.

तो आजारी पडला म्हणून गुरुजींनी मला त्याच्या घरी वही द्यायला पाठवलं. पूर्व भागात, दोन बोळ ओलांडून. घर म्हणजे पुढच्या खोलीत दोन माग आणि मागच्या खोलीत माणसं. बोळाच्या तोंडापासूनच खटक-खटक, खटक-खटक. दारात त्याची आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली. हजारावर मजुरी, म्हणून बोटांबरोबर तिचे ओठही चालले होते : ओकटी, रेंडू, मूडू... हा आकडे मोजायचा आवाज मला लगेच जवळचा वाटला. मी आत डोकावलो.

ताप उतरलेला तो मुलगा दोन मागांच्या मधे उभा राहून बोलत होता. बोलत होता म्हणजे काय, ओरडत होता. वडिलांना काहीतरी सांगत होता, मधेच कांड्या भरणाऱ्या बहिणीला टोमणा मारत होता, तिनं उलट उत्तर दिलं की हसत तिच्यावर डाफरत होता, हातवारे करत होता, कुणाची तरी नक्कल करत होता. मागाच्या आवाजावर आवाज चढवून, न थांबता, धबाधबा. बहुतेक आमच्या गुरुजींचीच नक्कल असावी, कारण वडील हसून हसून धोट्याकडं बघायचे विसरले. मी उंबऱ्यात उभा राहून मोजायला लागलो आणि वीसच्या पुढं माझा नाद सुटला.

मग त्यानं मला पाहिलं. नळ बंद करावा तसा तो थांबला. खाली मान घालून पुढं आला, वही घेतली आणि मराठीत म्हणाला, "पाणी पितो का?"

तेवढंच.

मी पाणी प्यायलो. परत येताना मला राग आला होता. कशाचा, ते आज सांगता येत नाही. फसवल्यासारखं वाटलं होतं, बहुतेक. दोन दिवसांनी तो वर्गात आला, खिडकीजवळ बसला, गुरुजी चहाला गेले. तो एक शब्द बोलला नव्हता. मी फळ्यावर त्याचं नाव लिहिलं आणि पुढं एक फुली मारली.

वर्ग एकदम शांत झाला. गुरुजी आले, नाव वाचलं, त्यांनाही नवल वाटलं. "तू पण?" म्हणाले. नियम म्हणजे नियम. त्यानं हात पुढं केला, छडी घेतली, जागेवर जाऊन बसला. "मी बोललो नाही" हे तीन शब्दांचं वाक्य त्याला मराठीत येत नव्हतं असं नाही. पाणी विचारता येत होतं, तर हेही आलं असतं. पण तो बोलला नाही, आणि मॉनिटरनं खोटं लिहिलंय हे सांगायला वर्गातला दुसराही कुणी उठला नाही. त्या दुपारी पस्तीस पोरं गप्प होती. कोपऱ्यात नाव एकच होतं.

सहावीत तो दुसऱ्या शाळेत गेला. पुढं कधी दिसला असेल तर मी ओळखला नाही.

पावणेपाचला लाइट आली. टेलरचं मशीन गुरगुरलं, आतला पंखा फिरला. अण्णा गड्ड्याकडं, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेतल्या लग्नसोहळ्याकडं वळले होते. सम्मती कट्ट्यावर एकदा "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" झालं की लाखो माणसं एका वेळी अक्षता टाकतात आणि आपल्या या कट्ट्याची पाच माणसं चहा कुणी सांगायचा यावर एकमतानं कधी हो म्हणत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. बेचाळीस. मेडिकलवाला दुकान उघडायला उठला, टॉवेलवाल्यानं चप्पल शोधली.

भोंगा शेजारी बसला होता. त्यानं हळूच माझ्या मांडीवरचं बिल उचललं, उलटं-सुलटं करून पाहिलं, अण्णांच्या रेघा बोटानं मोजल्या. स्वतःच्या नावापुढचं शून्य पाहून त्याला काही वाटलं असेल तर चेहऱ्यावर दिसलं नाही. कागद परत माझ्या मांडीवर ठेवत तो म्हणाला,

"तुझं नाव कुठाय बे यात?"

मॉनिटरचं नाव फळ्यावर नसतं, हे मी त्याला सांगणार होतो. पण तो चहा सांगायला उठून गेलाही होता. मी त्याचं शून्य खोडलं. प्रश्नाला पूर्ण रेघ द्यायची की अर्धी, ते अजून ठरायचंय.