माझा अनुभव : जुना चिनी डबल बास पारखून घेताना

उसन्या डबल बासवर (व्हायोलिनसारखं दिसणारं, पण माणसाहून उंच वाद्य) शिकणं चालू होतं, तो परत करायची वेळ आली आणि स्वतःचा घेणं भाग पडलं. मुंबईत या वाद्याचे पर्याय मोजकेच. युरोपातला कोरीव, म्हणजे अखंड लाकडातून कोरलेला बास काही लाखांच्या घरात जातो, शिवाय एवढं धूड बाहेरून मागवायचं म्हणजे वेगळाच खर्च. माझ्या खिशाला परवडणारे सगळे चिनीच होते. ठाण्यात हॉटेलांमध्ये वाजवणाऱ्या एका गृहस्थांनी त्यांचा जुना बास विकायला काढला होता, तो बघायला गेलो.

"जर्मन आहे, लेबल बघा ना," ते म्हणाले. लेबलवर जर्मन वाटेल असं नाव होतं खरं, पण चिनी कारखान्यांतून निघालेल्या वाद्यांवर विकणारे आपापली लेबलं लावतात, त्यात अशी नावं पैशाला पासरी. मुळात चिनी म्हणजे टाकाऊ, हा समजही मला पटत नाही. सूझौच्या शेन कंपनीचे किंवा बीजिंगमध्ये कार्यशाळा असलेल्या ईस्टमन कंपनीचे कोरीव बास अमेरिकेत पोटापाण्यासाठी वाजवणारे लोक वापरतात. दुसऱ्या टोकाला ज्यांना नावगाव नाही असेही बास त्याच देशातून येतात. म्हणून लेबल बाजूला ठेवून मी टॉर्च, टेप, स्टीलची पट्टी आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा बाहेर काढला. गृहस्थांच्या चेहऱ्यावर थोडी नाराजी दिसली, पण चहा आला.

आधी एफ-होलची, म्हणजे वरच्या फळीतल्या एफ आकाराच्या भोकाची कड बघितली. तिथे लाकडाची जाडी उघडी दिसते. एकसंध रेषा असतील तर स्प्रूस या लाकडाची अखंड फळी, थर दिसले तर प्लाय. थर दिसले. जाणकार मित्र प्लायला नाकं मुरडतात, पण मुंबईत माझं मत उलट आहे. पावसाळ्यात हवा पाण्याने जड आणि कार्यक्रमाचा हॉल एसीने कोरडा, या ओढाताणीत अखंड लाकूड फुगतं, आकसतं आणि शेवटी चिरतं. प्लायचे थर आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे एकमेकांना धरून ठेवतात. आवाजात थोडं गमावतो, हे मान्य. मग बोटांच्या पेरांनी कडेकडेने टकटक करत पूर्ण फेरी मारली. जिथे सरस सुटलेला असतो तिथे आवाज फुटका येतो. खालच्या बाजूला वीतभर सांधा सुटलेला निघाला. हे किरकोळ काम.

खरी मेख फिंगरबोर्डात, म्हणजे तारा जिच्यावर दाबतात त्या पट्टीत होती. दिसायला काळाकुळकुळीत, पण मालकांच्या परवानगीने खालच्या कडेला ब्लेडचं टोक फिरवलं तर आतून फिकट तपकिरी लाकूड. म्हणजे एबनी (काळं, टणक आबनूस लाकूड) नव्हे, रंगवलेलं मऊ लाकूड. स्टीलच्या तारा त्यात चर पाडतात. स्टीलची पट्टी लांबीच्या दिशेने ठेवली. फिंगरबोर्डाला मधोमध किंचित खोलगट बाक हवा. इथे गळा पोटाला मिळतो त्या जागी उलट उंचवटा होता. ई तार (सगळ्यांत जाड) दाबली की तंबोऱ्याच्या जवारीसारखी झणझण. तंबोऱ्यात ती मुद्दाम काढतात, इथे नको असते.

गळ्याचा सांधा मात्र घट्ट होता, आणि माझ्या लेखी सौदा तिथेच ठरला. चार तारांचा ताण मिळून सव्वाशे किलोच्या आसपास जातो, तो पेलतो तो हा सांधा. तिथे केसाएवढी जरी चीर दिसली असती तरी चहा संपवून निघालो असतो. नट (गळ्याच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) ते घोडी (खाली तारा उचलून धरते ती) लांबी १०६ सेंटीमीटर भरली, म्हणजे थ्री-क्वार्टर या नेहमीच्या मापाला साजेशी. गळ्याच्या मुळाशी अंगठा टेकवला तर जी तारेवर (सगळ्यांत बारीक) पहिल्या बोटाखाली डी हा सूर आला, तोही अपेक्षेप्रमाणेच. घोडीचे पाय नीट बसले नव्हते. व्हिजिटिंग कार्डाची कड आरामात खाली सरकली. साउंडपोस्ट, म्हणजे पोटात वरच्या आणि मागच्या फळीमध्ये उभा असतो तो दांडा, तिरका. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं.

मागितले ९५ हजार. फिंगरबोर्ड दाखवून ७० वर आणले.

छोटा हत्ती करून, गादीवर कुशीवर झोपवून बास वसईला एका दुरुस्ती करणाऱ्या अंकलकडे नेला. तारा पूर्ण सैल केल्या नाहीत, कारण साउंडपोस्ट चिकटवलेला नसतो, नुसता दाबाने उभा असतो. अंकलनी विचारलं, नवा एबनी बोर्ड बसवू का? त्याची किंमत ऐकली आणि आहे तोच रंधून घ्यायचं ठरवलं. प्लायच्या बासवर तेवढा पैसा ओतण्यात अर्थ नाही, असं मला अजूनही वाटतं. नवा साउंडपोस्ट, उंची कमी-जास्त करायची चाकं असलेली घोडी, ई तार बोर्डाच्या टोकाशी ९ मिलिमीटरवर आणि जी ६ वर. जुन्या तारा काढून व्हिएन्नाच्या थॉमास्टिकच्या स्पायरोकोर चढवल्या. हा सगळा खर्च वाद्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेला. चिनी बास घेणाऱ्याने हे पैसे आधीच बाजूला काढून ठेवावेत. नव्या कोऱ्या बासलाही हे काम चुकत नाही.

बोटांनी छेडला की आता आवाज गोल येतो आणि पुरेसा टिकतो. मित्राला वाजवायला लावून मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिलो, कारण बासचा आवाज वाजवणाऱ्यापेक्षा लांबच्याला खरा कळतो. जाझच्या त्रिकुटात तो भरून राहतो. बो (गज) लावला की मात्र प्लायची मर्यादा कळते : सूर उशिरा उमटतो, आणि ई तारेवर एफ, एफ शार्प दबलेले राहतात. तारा बदलूनही ते गेलं नाही.

पहिल्या पावसाळ्यात वरचा भाग फुगून तारा उचलल्या, चाकं फिरवून खाली घेतल्या. ऑक्टोबरात परत वर. ई तारेच्या खुंटीचा गिअर अडकत होता, त्याला ग्रीस लावलं तरी कुरकुरतोच. तो बदलायचा आहे. ऑर्केस्ट्रात बसायची वेळ आली तर वरची फळी कोरीव आणि बाकी प्लाय असलेला हायब्रीड बघेन, तोही बहुतेक चिनीच असेल.